यजमानाचा रकाना

मराठीत एखाद्याला 'बांडगूळ' म्हटले की त्याच्याविषयी आणखी काही सांगण्याची गरज उरत नाही. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला आपल्या भाषेने कधीच चांगले म्हटलेले नाही. 'परोपजीवी', 'परपुष्ट', 'आयतोबा' ह्या साऱ्याच शब्दांना तिरस्काराचा वास आहे. संस्कृतात कोकिळेला 'परभृता' म्हणतात आणि ते नाव कानाला गोड लागते. पण शाकुंतलाच्या पाचव्या अंकात दुष्यंत शकुंतलेला खोटी ठरवू पाहतो तेव्हा दाखला देतो तो ह्याच पाखराचा. साहित्याच्या क्षेत्रातही ही शिवी नवी नाही. समीक्षेला साहित्याच्या अंगावरचे बांडगूळ म्हणण्याची रीत आपल्याकडे रुळलेली आहे आणि आमच्यासारख्या, दुसऱ्यांच्या कविता शिकवून पोट भरणाऱ्या माणसांनी ती पुष्कळदा ऐकून घेतली आहे. गंमत अशी की खऱ्या बांडगुळाची पाने हिरवी असतात. ते झाडाकडून पाणी आणि क्षार घेते; अन्न पुष्कळसे स्वतःच तयार करते. शिवी देणाऱ्याने झाडाकडे नीट पाहिले असते तर त्याने दुसरा शब्द शोधला असता.

नीट पाहण्याचा हा प्रसंग आमच्यावर आला तो आमच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या एका सहकाऱ्यामुळे. रानटी झाडाझुडपांवर जगणाऱ्या परजीवी कवकांची, म्हणजे पानांवर, देठांवर, फुलोऱ्यांवर वाढणाऱ्या सूक्ष्म बुरश्यांची पाहणी त्यांनी हाती घेतली होती. त्यांच्या नोंदपत्रात 'स्थानिक नाव' असा एक रकाना होता. तो भरण्यासाठी गावकऱ्यांशी बोलणारे आणि शब्दांचे भान असलेले कुणी तरी त्यांना हवे होते. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. कवकांविषयीचे आमचे ज्ञान लोणच्यावरच्या बुरशीपाशी संपत होते. तरीही गेली चार वर्षे पावसाळा ओसरला की पश्चिमेला मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला आणि पूर्वेला पुरंदरच्या कोरड्या माळांवर आम्ही त्यांच्यामागे हिंडतो आहोत. ह्या हिंडण्यातून जे सुचले त्यातले बरेचसे वनस्पतिशास्त्राचे नाही. पण ते तिथेच सुचले असते, ग्रंथालयात नाही.

अशी पाहणी दिसायला अगदी साधी असते. रानात गेल्यावर माणसे फुले पाहतात, पक्षी पाहतात. इथे पाहायची ती आजारी पाने. पानावर पिवळा ठिपका दिसला की पान उलटायचे, खालच्या बाजूला नारिंगी पूड आहे का ते दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहायचे. पान वर्तमानपत्राच्या घडीत दाबून सुकवायचे आणि कागदी पाकिटात घालायचे. पाकिटावर वनस्पतीचे नाव, ठिकाण, तारीख, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि गोळा करणाऱ्याचे नाव. प्रयोगशाळेत त्या पुडीतला कणभर भाग काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचा आकार, भिंतीची जाडी, अंगावरचे काटे, देठाची लांबी हे सारे मोजायचे. कवकाचे नाव ठरते ते ह्या मोजमापांवरून. पण त्याच्याही आधी एक गोष्ट ठरावी लागते आणि ती म्हणजे कवक ज्या झाडावर सापडले त्या झाडाचे नाव. ही परजीवी कवके भारी चोखंदळ असतात. एकेका जातीची मजल पुष्कळदा एका वंशापलीकडे, कधी कधी तर एका जातीपलीकडेही जात नाही. झाड ओळखले नाही तर वर्गीकरणाच्या ग्रंथांत शोध सुरू तरी कुठून करणार? म्हणून फूल किंवा फळ असलेली फांदीही सोबत घ्यावी लागते. पाहुण्याची ओळख घराच्या पत्त्यावरून पटवण्यातला हा प्रकार आहे.

नोंदपत्रातल्या 'स्थानिक नाव' ह्या रकान्याचे काम आम्हांला आरंभी सोपे वाटले. मराठीत पिकांवरच्या कवकांना सुरेख नावे आहेत. गव्हावर तांबेरा, ज्वारीवर काणी, द्राक्षावर भुरी, केवडा आणि करपा. तांबेरा, भुरी, केवडा ही नावे उघडच रंगावरून पडली आहेत आणि ती पाडणाऱ्याची नजर बारीक आहे. पण हे शब्द घेऊन आम्ही रानात शिरलो आणि ते तिथे लागू पडेनात. ताम्हिणीच्या वाटेवर कुसरीचा वेल दिसतो. त्याच्या कोवळ्या फांद्या आणि पाने काही ठिकाणी सुजून, पिळवटून, पिवळ्या-नारिंगी पुडीने भरलेली असतात. हे 'युरोमायसेस हॉब्सोनाय' ह्या तांबेऱ्याचे काम. सागाच्या पानांची खालची बाजू थंडीच्या दिवसांत नारिंगी भुकटीने माखते, ती 'ऑलिव्हिया' वंशातल्या तांबेऱ्याने. ज्या हरळीला आपण दूर्वा म्हणून देवाला वाहतो तिच्या फुलोऱ्याच्या जागी कधी कधी काळी काजळी धरलेली दिसते. ती काणी आहे, 'उस्टिलागो सायनोडॉन्टिस'. गावोगाव विचारले, 'ह्याला काय म्हणता?' उत्तर बहुधा एकच यायचे : 'त्याला कशाला काय म्हणायचं?'

ह्या उत्तरात आम्हांला प्रथम उदासीनता दिसली. पुढे त्यातला तर्क कळला. तांबेरा, काणी, भुरी ही नुकसानीची नावे आहेत. पदरात पडणारे धान्य ज्यामुळे घटते त्याला नाव मिळाले. सागाच्या पानगळीने कुणाच्या घरची चूल थांबत नाही. तेव्हा सागावरच्या नारिंगी भुकटीला नाव नाही. 'रोग' हा शब्दच मुळी हिशेबाच्या वहीतला आहे. ज्याचे काही जाते त्याने तो वापरायचा. रानात हिशेब ठेवणारे कुणी नाही, म्हणून तिथे रोगही नाही. तिथे आहे ते दोन जिवांचे एक जुने, खाचखळग्यांचे सहजीवन आणि त्याला आपल्या भाषेने अद्याप नाव ठेवलेले नाही.

ज्याच्यावर परजीवी जगतो त्याला मात्र मराठीने एकाहून अधिक नावे दिली आहेत. पाठ्यपुस्तकांत कुठे 'आश्रय वनस्पती', कुठे 'पोषक', कुठे 'पोषिंदा', कुठे 'यजमान' असे शब्द भेटतात. आमच्या सहकाऱ्यांच्या नोंदपत्रात 'यजमान' होता आणि तो आम्हांला फार आवडला. मूळ संस्कृतात यजमान म्हणजे स्वतःसाठी यज्ञ करणारा. मराठीत तो घरचा धनी झाला, पाहुण्यांचे आगतस्वागत करणारा झाला आणि आपल्या आज्या-पणज्या नवऱ्याचे नाव घेण्याऐवजी हाच शब्द वापरीत. यज्ञ, घर, पाहुणचार, संसार असा सारा व्यवहार ह्या एका शब्दात सामावलेला आहे. पोषिंदा केवळ पोसतो. यजमान मात्र देतोही, सोसतोही आणि देण्याच्या मर्यादाही ठरवतो.

त्या मर्यादा खऱ्याच असतात. तांबेऱ्याचा बीजाणू पानावर पडला, ओल मिळाली की रुजतो आणि त्याचा तंतू पुष्कळदा पानाच्या श्वसनरंध्रातून आत शिरतो. आत तो पेशींना फोडत नाही. पेशीच्या भिंतीतून एक बारीक चूषक आत घालतो, पेशीचे पटल त्याच्याभोवती खोलगट होऊन शाबूत राहते आणि त्या पटलातून अन्न ओढले जाते. पेशी मेली तर पाहुण्याचेही अन्न संपले. तेव्हा तिला जिवंत ठेवणे ही त्याचीच गरज असते. झाडही गप्प बसत नाही. काही झाडे परक्याची चाहूल लागताच तो शिरलेली पेशी स्वतःच मारून टाकतात आणि त्याची वाट तोडतात. पानावर बारीक करडा ठिपका उमटतो आणि प्रकरण तिथेच मिटते. कुणी पूर्ण जिंकत नाही, कुणी पूर्ण हरत नाही. रानातल्या एखाद्या झुडपाच्या शेकडो पानांपैकी दहा-वीस पानांवर पुटकुळ्या आणि बाकीचे झुडूप हिरवेगार, हे दृश्य आम्ही इतक्या वेळा पाहिले की तेच सामान्य आणि साथ हा अपवाद, अशी आमची समजूत झाली.

अर्थात रानातला हा समतोल पाहून भारावून जाण्यात धोका आहे. साथी खऱ्या असतात आणि त्यांनी माणसे देशोधडीला लावली आहेत. 1869 साली सिलोनमधल्या कॉफीच्या पानांवर आढळलेल्या तांबेऱ्याला बर्कली आणि ब्रूम ह्यांनी 'हेमिलिया व्हास्टाट्रिक्स' असे नाव दिले. व्हास्टाट्रिक्स म्हणजे उजाड करणारी. नाव शब्दशः खरे ठरले. हॅरी मार्शल वॉर्ड ह्या तरुण शास्त्रज्ञाने 1880 ते 1882 ह्या काळात तिथे राहून ह्या कवकाचा जीवनक्रम शोधला, पण मळे वाचले नाहीत. कॉफीच्या जागी चहा आला. आपल्याकडे 1946-47 साली मध्य भारतात गव्हावर तांबेऱ्याची मोठी साथ आली. आग्र्याच्या करमचंद मेहता ह्यांनी त्यापूर्वीच वर्षानुवर्षे खपून दाखवून दिले होते की मैदानातल्या उन्हाळ्यात गव्हाचा तांबेरा टिकत नाही. तो डोंगराळ भागांत तग धरतो आणि तिथून वाऱ्याबरोबर पुन्हा खाली येतो. युरोपात ह्याच तांबेऱ्याचे अर्धे आयुष्य बार्बेरीच्या रानटी झुडपावर जाते, हे डी बारी ह्यांनी 1865 च्या सुमारास सिद्ध केले होते. भारतात त्या झुडपाचा ह्या साथींशी तसा संबंध लागत नाही, हेही मेहतांच्या कामातून पुढे आले. रानातले पान उलटून पाहण्याचा शेतातल्या भाकरीशी काय संबंध, असे विचारणाऱ्याला एवढे उत्तर पुरेसे आहे.

पण सिलोनच्या गोष्टीत आम्हांला दुसरेच काही दिसते. मैलोन् मैल एकच झाड एकाला एक खेटून लावले ते माणसाने. विखुरलेल्या, मिसळीच्या रानात ज्या पाहुण्याला घरोघर पत्ता शोधीत फिरावे लागते त्याला मळ्यात एकाच नावाची लाखो घरे ओळीने मिळाली. परजीवी तोच होता, मांडणी बदलली होती. शिवी मात्र त्यालाच बसली.

ह्याच्या उलटची एक गोष्ट ह्या पाहणीने शिकवली. आमच्या वह्यांत करवंद, कुसर, हरळी, साग ह्या नावांपुढे कवकांच्या नोंदी आहेत. घाणेरीच्या नावापुढचा रकाना मात्र जवळजवळ रिकामा आहे. घाणेरी अमेरिका खंडातून शोभेचे झाड म्हणून आली आणि डोंगरच्या डोंगर व्यापून बसली. तिची पाने कशी स्वच्छ, निरोगी दिसतात! वनस्पती परदेशी जाते तेव्हा तिचे जुने परजीवी बहुधा मायदेशीच राहतात आणि तिच्या बेफाम वाढीचे ते एक कारण मानले जाते. आपल्या हिमालयातल्या एका तेरड्याने ब्रिटनमध्ये हेच केले. 1839 साली बागेसाठी नेलेला हा तेरडा पुढे तिथल्या नदीकाठांवर पसरला. अखेर ब्रिटिश शास्त्रज्ञ भारत-पाकिस्तानातल्या हिमालयाच्या पायथ्याशी येऊन त्याच्या मूळ घरी कोणकोणते परजीवी आहेत ह्याची पाहणी करून गेले आणि तिथे सापडलेला एक तांबेरा, पूर्ण चाचण्यांनंतर, 2014 पासून ब्रिटनमध्ये सोडण्यात आला. म्हणजे ज्याला आपण आजार म्हणतो तो एका अर्थी त्या झाडाचा रहिवासाचा दाखला असतो. पानावर डाग नसलेले झाड हे अनेकदा त्या भूमीत कुणाशीच नाते न जुळलेले झाड असते.

हे डोळ्यांपुढे आल्यावर 'परजीवी' ह्या शब्दाकडे आम्ही पूर्वीसारखे पाहू शकलो नाही. आणि ह्या नात्यांची संख्या किती असेल, ह्याचा अंदाजही मती गुंग करणारा आहे. डेव्हिड हॉक्सवर्थ ह्यांनी 1991 साली जगातल्या कवकांच्या जाती सुमारे 15 लाख असाव्यात असे मांडले. त्यांच्या गणिताचा एक मुख्य आधार फार साधा होता. ब्रिटनसारख्या नीट पाहणी झालेल्या प्रदेशात वनस्पतीच्या एका जातीमागे कवकांच्या सुमारे सहा जाती भरतात. 2017 साली त्यांनी लुकिंग ह्यांच्यासह हा अंदाज 22 ते 38 लाखांपर्यंत नेला. प्रत्यक्षात नाव मिळालेली कवके दीड लाखाच्या आसपास आहेत. लाखोंचा हा अंदाज उभा आहे तो कुणी तरी एकेक पान उलटून ठेवलेल्या नोंदींवर. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत 'आजरेकर कवक संग्रहालय' आहे. तिथे जपलेली पाकिटे अशाच नोंदींची आहेत. एखाद्या जुन्या पाकिटावर ठिकाणाचे नाव वाचावे, त्या जागी आज काय आहे ते आठवावे आणि गप्प व्हावे, असा अनुभव कोणत्याही संग्रहात येतो.

यजमान गेला की पाहुणा जातो. हे वाक्य उघड वाटते, पण दुर्मीळ वनस्पतींच्या याद्या करताना तिच्यावरच जगणाऱ्या कवकाची आठवण क्वचितच कुणाला होते. वेल्समध्ये 2015 साली तिथल्या तांबेऱ्यांची, कोणते धोक्यात आहेत हे सांगणारी स्वतंत्र यादी प्रसिद्ध झाली. रोगाचे संवर्धन ही कल्पना ऐकून आमच्या स्टाफरूममध्ये हशा पिकला होता. आम्हांला हसू आले नाही, कारण तोवर पुरंदरच्या माळावर एक झुडूप आमच्या पाहण्यात आले होते.

हे झुडूप बाभळीच्या गोतातले. लांब, सरळ, पांढरे काटे. त्यांवरूनच त्याचे शास्त्रीय नाव 'अकेशिया एबर्निया' पडले, म्हणजे हस्तिदंती बाभूळ. त्याच्यावर एक तांबेरा येतो आणि त्याच्या योगाने कोवळे कोंब, काटे, फुलोरे, शेंगा सुजून मांसल, वेडेवाकडे होतात. शिमल्याचे शल्यचिकित्सक आणि तांबेऱ्यांचे व्यासंगी आर्थर बार्कली ह्यांनी 1890 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ह्या कवकाचे पहिले वर्णन केले आणि त्याला नाव दिले 'एसिडियम एस्क्युलेंटम'. एस्क्युलेंटम म्हणजे खाण्याजोगे. लोक हे सुजलेले भाग खातात, म्हणून हे नाव. पुढे नरसिंहन आणि तिरुमलाचार ह्यांनी त्याचे जीवनचक्र उलगडून त्याला 'रॅव्हेनेलिया' ह्या वंशात नेले. 'खाण्याजोगे' हे विशेषण तेवढे कायम राहिले. रोगट भाग आवडीने खाणारी माणसे जगात आणखीही आहेत. मेक्सिकोत काणी धरलेले मक्याचे कणीस पक्वान्न समजतात आणि चीनमध्ये एका पाणगवताचा काणीने सुजलेला दांडा भाजी म्हणून शिजवतात. पण आमच्या कॉलेजपासून तासाभराच्या अंतरावर हे घडत होते, हे आम्हांला एका लॅटिन विशेषणाने सांगावे लागले.

त्या माळावर शेळ्या चारणाऱ्या एका आजींना आम्ही ती सुजलेली फांदी दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "आम्ही पोरी हे मोडून खायचो की! गुरांमागं असताना." चव कशी होती, असे विचारले. त्या थोडा वेळ थांबल्या. "आता न्हाई ध्यानात. लई वर्सं झाली. पोरं कुठं खात्यात आता?" ह्याला रोग म्हणतात, असे सहकाऱ्यांनी सांगितले तेव्हा त्यांना ते पटले नाही. "रोग कसला मास्तर? झाड तर हाय की उभं." एवढे बोलून त्या शेळ्यांमागे गेल्या.

गेल्या हिवाळ्यात त्या माळाच्या एका अंगाला तारेचे कुंपण पडले आहे. चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले आहेत. अशा जागी सर्वांत आधी साफ होतात ती काटेरी झुडपे, कारण सातबारावर त्यांची नोंद नसते आणि कुणाच्या डोळ्यांत ती भरत नाहीत. झाडे तोडली म्हणून निदान एखादी बातमी येते. झुडपाबरोबर त्याच्यावरचा तांबेरा गेला आणि त्याच्याबरोबर आजींच्या जिभेवरून आधीच पुसट झालेली एक चव कायमची गेली, ह्याची बातमी कुठे येणार? ह्या वर्षी त्या झुडपाच्या नव्या फांद्या आमच्या सहकाऱ्यांनी माळाच्या दुसऱ्या अंगाकडून घेतल्या. तिथे ते अजून बऱ्यापैकी आहे.

आम्ही भाषेची माणसे. आमच्याकडे ह्यावर उपाय नाही. आमच्याकडे फक्त एक रकाना आहे. त्या पाकिटावर यजमानाच्या जागी झुडपाचे नाव लिहून झाले, ठिकाण, तारीख, उंची लिहून झाली. 'स्थानिक नाव' ह्या रकान्यापाशी आम्ही अडलो. तांबेरा लिहिणे शास्त्राला धरून झाले असते, पण आजींनी तो शब्द उच्चारला नव्हता; आणि जे नाव लोकांच्या तोंडी नाही ते आपण बनवून घालणे म्हणजे नोंदीशी खोटेपणा. शेवटी सहकाऱ्यांच्या संमतीने तिथे तीन-चार शब्द लिहिले. नाव नाही; पूर्वी खात असत.